पैसे कटले, पण सीट कुठंय?

वेबसाइट बनवून द्या म्हणणाऱ्या माणसाच्या डोक्यात वेबसाइट म्हणजे फोटो, बॅनर आणि "रजिस्टर करा" असं लिहिलेलं एक मोठं बटण. आमच्या रनिंग ग्रुपचंही तेच होतं. खडकवासल्याच्या बाजूला २१ किलोमीटरची पावसाळी दौड ठेवायची, फी ९०० रुपये, जागा ८०० कारण रस्ता अरुंद आणि अँब्युलन्सला वाट पाहिजेच, आणि साइट मी करायची कारण ग्रुपमध्ये "ते कॉम्प्युटरवालं" करणारा मीच. मीटिंगचे दोन तास बॅनरवर सिंहगडाचा कुठला फोटो टाकायचा यावर गेले. बटण दाबल्यावर पुढं काय होतं हे कोणीच विचारलं नाही.

विचारलं फक्त खजिनदार काकांनी. काका बँकेतून रिटायर झालेले, कर्वेनगरला राहतात, पळत वगैरे अजिबात नाहीत, पण ग्रुपचा हिशोब पैशापर्यंत जुळवतात. त्यांचा पहिला प्रश्न, "अरे, ९०० मधले आपल्या हातात किती येणार?" मी म्हटलं गेटवेची, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीची, फी दोन टक्के म्हणजे १८ रुपये, आणि त्या १८ वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३ रुपये २४ पैसे. काकांनी वहीत लगेच २१.२४ चा वेगळा रकाना आखला. दुसरा प्रश्न जास्त खोल होता. "पैसे भरायला गेलेल्या माणसाची जागा तू किती वेळ धरून ठेवणार?"

हाच खरा कळीचा मुद्दा आहे. शेवटची एक जागा उरलीये आणि दोघंजण एकाच वेळी पेमेंटला गेले तर? म्हणून फॉर्म भरला की मी डेटाबेसमध्ये ती जागा १५ मिनिटांसाठी लॉक करतो, पैसे आले की पक्की, नाही आले की सुटते. पण पैसे आले हे कळतं कसं? लोकांना वाटतं मोबाईलवर हिरवी टिक आली की झालं. तसं नसतं, त्या टिकवर साइटने विश्वास ठेवायचाच नसतो कारण माणूस टिक यायच्या आधी ब्राउझर बंद करू शकतो, रेंज जाऊ शकते, काहीही. गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला परस्पर निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात, त्यावर सही असते, ती तपासायची आणि मगच जागा पक्की करायची. आणि हा निरोप कधीकधी दोनदा येतो, म्हणून पेमेंट आयडी आधीच नोंदलेला असेल तर दुसऱ्यांदा काही करायचं नाही. नाहीतर एका पेमेंटवर दोन बिब नंबर, म्हणजे पळणाऱ्याच्या छातीवर लावायचे नंबर.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले साइटवर ८०० लिहू नकोस, ७७० लिही, ३० मी बाजूला ठेवतो. लग्नात पानं जास्तीची धरतात ना तशी. सेक्रेटरी मॅडमना पटत नव्हतं, त्यांना त्या ३० जागांचे पैसे दिसत होते. काका हटले नाहीत.

७ जुलै २०२४, रविवार, सकाळी १० वाजता रजिस्ट्रेशन उघडलं. आम्ही काकांच्याच घरी बसलो होतो, मी दोन लॅपटॉप घेऊन, मॅडम फोन घेऊन, काका वही घेऊन. साइट पडेल अशी सगळ्यांना धास्ती होती, ती पडली नाही, पहिली वीसेक मिनिटं तर इतकं छान चाललं की मॅडमनी ग्रुपवर फटाके टाकले. मग एका मोठ्या बँकेचं यूपीआय अडकलं.

अडकलं म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण दिवसभर हेच समजावत होतो. माणसाच्या खात्यातून ९०० गेले, बँकेचा एसएमएसही आला. पण यशस्वी झालं की नाही हे बँकेकडून पुढं आलंच नाही, त्यामुळं गेटवेला माहिती नाही, म्हणून आम्हाला माहिती नाही. डॅशबोर्डवर पेंडिंगची रांग. इकडं आपली १५ मिनिटं संपली की जागा सुटतीये आणि ती दुसरा कोणीतरी घेतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता भडिमार... "पैसे कटले सीट कुठंय", "फसवणूक आहे का", "मी सायबरला कंप्लेंट करतोय". आणि सगळ्यात वाईट म्हणजे लोक पुन्हा पुन्हा भरत होते! एका काकूंनी दोनदा भरले, एका पोराने तर तीनदा, कारण पहिलं अडकलं तर माणूस काय करणार, जागा संपतायत.

मॅडम म्हणाल्या बंद कर साइट. मी म्हटलं बंद केली तर पेंडिंगवाल्यांना वाटेल आपण पैसे घेऊन पळालो. काका तोपर्यंत चष्मा पुसत होते. म्हणाले, "आधी सगळ्यांकडून यूटीआर मागव. स्क्रीनशॉट नको, यूटीआर."

यूटीआर म्हणजे यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला मिळणारा १२ आकडी नंबर. मी साइटवर एक छोटा फॉर्म टाकला, मोबाईल नंबर आणि यूटीआर, बास. काकांनी गेटवेच्या डॅशबोर्डवरून यादी उतरवली आणि डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, तर यूटीआरच्या रकान्यात सगळीकडं ४.१९ आणि पुढं ई प्लस ११. हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. एक्सेलला १२ आकडी काहीही दिसलं की त्याला वाटतं ही फार मोठी रक्कम आहे, आणि तो ती अशी आखडून दाखवतो. तशीच फाइल पुन्हा सेव्ह केली असती तर खरे नंबर कायमचे गेले असते, काका सेव्हवर बोट नेतायत तेवढ्यात मी ओरडलो. परत उतरवली, तो रकाना टेक्स्ट म्हणून इंपोर्ट केला, मग जुळवणी सुरू.

जुळवणीतून दोन ढीग पडले. यूटीआर आमच्या यादीत आहे, म्हणजे पैसे गेटवेपर्यंत आलेत. आणि यूटीआर यादीत नाहीच, म्हणजे पैसे अजून बँकांच्या मध्ये कुठंतरी आहेत. दुसऱ्या ढिगासाठी काकांनी स्वतः मेसेज लिहिला आणि तो मेसेज मी अजून जपून ठेवलाय. सप्टेंबर २०१९ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे, दुकानदाराला यूपीआयने पैसे देताना खात्यातून गेले पण दुकानदाराला कन्फर्मेशन मिळालं नाही तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत आले पाहिजेत, त्यापुढं उशीर झाला तर रोजचे १०० रुपये ग्राहकाला. हे काकांना तोंडपाठ! खाली एवढंच, "कृपया पुन्हा पैसे भरू नयेत." ग्रुप अर्ध्या तासात गार झाला. मी तीन वेळा "टेक्निकल इश्यू आहे, टीम काम करतीये" टाकलं होतं त्याने काडीचा फरक पडला नव्हता. लोकांना सॉरी नको असतं, पैसे कधी येणार तो दिवस पाहिजे असतो.

दुपारी कधीतरी बँक शुद्धीवर आली आणि अडकलेले वेबहुक धो धो यायला लागले. आता खरी गंमत. १५ मिनिटं कधीच संपलेली, ७७० जागा केव्हाच भरलेल्या, आणि २६ जणांचे पैसे आत्ता येऊन पोचले. माझा कोड अशा पेमेंटला आपोआप रिफंड करत नाही, "उशिरा आलेले" अशा वेगळ्या रकान्यात टाकतो, कारण हा निर्णय माणसाने घ्यायचा असं मला वाटतं. काकांनी वही उघडली, बाजूला ठेवलेल्या ३० मधून २६ दिल्या. मॅडम काही बोलल्या नाहीत, उठून चहा टाकायला गेल्या.

उरलेल्या चारसाठी मग जो तमाशा. एक गृहस्थ सकाळपासून स्क्रीनशॉट पाठवत होते, ९०० रुपये, तारीख ७ जुलै, सगळं व्यवस्थित, आणि वर भाषा अशी की आम्ही त्यांचं घर लुटलंय. त्यांचा यूटीआर यादीत नव्हता. मी त्यांना दुसऱ्या ढिगात टाकणार होतो. काका म्हणाले थांब, नंबर वाच. ४१६३ ने सुरू होत होता. मग मला म्हणाले बाकीच्यांचे बघ. बाकीचे सगळे ४१८९.

मला तेव्हा माहितीच नव्हतं. या नंबरात बहुतेक वेळा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा असतो आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. २०२४ लीप वर्ष, म्हणून ७ जुलै हा १८९ वा दिवस. १६३ वा म्हणजे ११ जून. त्या दिवशी आमची साइटच नव्हती, बॅनरसुद्धा ठरला नव्हता! काकांनी त्यांना फोन लावला, अतिशय गोड आवाजात, "नमस्कार, आपण ११ जूनला कोणाला पैसे पाठवले होते ते जरा बघता का, आमच्याकडं दिसत नाहीयेत." पलीकडं थोडं खुडबुड झालं आणि फोन कट. चुकून जुना स्क्रीनशॉट आला असेल म्हणावं तर त्याच्यावर ७ जुलै कशी, हे काही मी विचारत बसलो नाही.

रात्री हिशोब जुळवायला बसलो तेव्हा डबल भरलेल्यांची यादी काढली. रिफंड माझ्याकडून एका क्लिकचं काम, पण आमच्या गेटवेत रिफंड केला तरी त्यांची फी परत येत नाही, म्हणजे प्रत्येक डबलमागं २१.२४ ग्रुपच्या खिशातून. काकांना हे भयंकर लागलं. त्यांनी मला एकेकाला फोन करायला लावले, रिफंड पाहिजे की ज्या चार जागा उरल्यात त्यातली एक घेता, आधी येईल त्याला.

त्या दोनदा भरलेल्या काकूंनी फोनवरच सांगितलं, रिफंड नको, दुसरी जागा आमच्या ह्यांच्या नावावर करा. टी-शर्टचा साइज विचारला तर एक्सएल. ब्लड ग्रुप, इमर्जन्सी नंबर सगळं धडाधड सांगितलं. मागून ह्यांचा आवाज आला, "कसला फॉर्म भरतीयेस?"