एकाच पायांचे दोन आकडे

२३ फेब्रुवारी, रात्री

अमेरिकन स्पीड स्केटर एरिक हायडनची १० हजार मीटरची ऑलिंपिक शर्यत याच तारखेची, १९८० सालची. लेक प्लॅसिडचा ४०० मीटरचा उघडा ओव्हल म्हणजे बर्फाची लंबगोल धावपट्टी, २५ फेऱ्या, वेळ १४:२८.१३. म्हणजे फेरीला सरासरी ३४.७ सेकंद. आणि आठच दिवस आधी याच पायांनी ५०० मीटर ३८.०३ सेकंदांत संपवलं होतं. हे दोन आकडे एकाच माणसाचे आहेत, याचं नवल अजून ओसरत नाही.

५०० मीटरला सगळी ताकद सुटण्यात आणि पहिल्या वळणात ओतायची असते. १० हजारला मात्र गुडघा जवळजवळ काटकोनात दुमडून चौदा-पंधरा मिनिटं तसंच राहायचं. आवळलेल्या मांडीत रक्त नीट खेळत नाही, जळजळ सुरू होते आणि स्केटर नकळत उंच होत जातो. तिथेच घात होतो: समोरच्या हवेचा अडथळा वाढतो, शिवाय पाय बाजूला लांबवर रेटायला जागा उरत नाही. शेवटच्या दहा फेऱ्यांत कोण कितपत खाली बसलाय, एवढं बघितलं तरी निकाल कळतो.

त्यात तेव्हाची पाती बुटाला टाचेपर्यंत पक्की बसवलेली. जोर संपताना घोटा सरळ केला, की पात्याचं टोक बर्फात रुततं आणि वेग खातं. म्हणून पातं सपाट ठेवून नितंब आणि गुडघ्यातूनच बाजूला ढकलायचं. चवड्याखाली बिजागरी असलेला क्लॅप स्केट १९९७-९८ च्या सुमारास सगळ्यांच्या पायात आला. बंदिस्त हॉल आणि क्लॅप स्केटच्या जमान्यातल्या वेळा हायडनच्या वेळांशेजारी मांडणं मला मुळीच पटत नाही.

१५०० मीटरची शर्यत मला फार मोलाची वाटते. वळणावर त्याचा पाय घसरला, हात बर्फाला टेकला. वळणात शरीर आतल्या बाजूला कललेलं, एका पायावरून दुसरा पाय टाकणं चालू. अशा वेळी घाबरून ताठ झालं की माणूस थेट कडेच्या गाद्यांवर. तो खालीच राहिला, पुढचाच पाय लयीत टाकला आणि १:५५.४४ मध्ये जिंकला. दुसरा आलेला नॉर्वेचा स्टेन्स्येमेट १.३७ सेकंद मागे.

१० हजारच्या आदल्या रात्री तो अमेरिका-सोव्हिएत हॉकी सामना बघायला गेला, सकाळी उशिरा उठला. शर्यतीत जोडीला सोव्हिएत स्केटर व्हिक्टर लेस्किन, ज्याच्या नावावर १४:३४.३३ चा विश्वविक्रम होता. तो विक्रम हायडनने ६.२० सेकंदांनी मोडला.

हे एका हिवाळ्यात उगवलेलं नव्हतं. १९७६ ला इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये १७ वर्षांचा हायडन १५०० ला सातवा आणि ५ हजारला एकोणिसावा होता. प्रशिक्षक डायन होलम, स्वतः १९७२ ची १५०० मीटरची सुवर्णविजेती. बर्फ नसतानाच्या महिन्यांत सायकल, वजनं आणि खाली बसून चालण्याचे व्यायाम. पुढच्याच वर्षी तो सर्वांगीण, म्हणजे सगळ्या अंतरांचा मिळून, जगज्जेता झाला. ७७, ७८, ७९ सलग तीनदा.

लेक प्लॅसिडनंतर नेदरलँड्समधल्या हेरेनवेनला याच जागतिक स्पर्धेत मात्र डच स्केटर हिल्बर्ट व्हान डर डाउमने त्याला मागे टाकलं. २१ व्या वर्षी त्याने स्केट उतरवले. मग व्यावसायिक सायकलिंग: १९८५ चं अमेरिकन विजेतेपद, ८६ ची टूर द फ्रान्स शेवट जवळ आला असताना पडल्यामुळे अर्धवट. पुढे स्टॅनफर्डमधून डॉक्टर, हाडांचा सर्जन. आणि २००२ ला सॉल्ट लेकमध्ये अमेरिकेच्या स्पीड स्केटिंग संघाचा डॉक्टर म्हणून पुन्हा बर्फाच्या कडेला.