लेकीचा फॉर्म

शाळेचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि घरी येणारा जो तो लेकीला एकच विचारू लागला, "मग, पुढे काय?" सुरुवातीला ती हसून "बघू" म्हणायची. पुढे पुढे पाहुणे आले की तिच्या खोलीचं दार लागायला लागलं. तो प्रश्न तिला टोचतोय हे मला दिसत होतं, तरी सगळ्यांत जास्त वेळा तो मीच विचारत होतो. जेवताना, गाडीत, रात्री दिवा बंद करताना.

तिच्या मनात दोन गोष्टी होत्या, आर्किटेक्चर आणि फिजिओथेरपी. तिसरी गोष्ट ती एकदाच बोलली, "एक वर्ष थांबले तर?" तिचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही.

एका समुपदेशकाकडे कलचाचणी केली. अशा बऱ्याच चाचण्यांच्या मुळाशी जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेला सिद्धांत असतो. हाताने काम करणारे, शोध घेणारे, कलेत रमणारे, माणसांत रमणारे, पुढाकार घेणारे आणि नेटकं, पद्धतशीर काम आवडणारे असे सहा कल तो सांगतो. लेकीचे 'हाताने काम' आणि 'माणसांत रमणं' यांचे गुण जवळपास सारखे आले. समुपदेशकाने दहा मिनिटांत निकाल सांगून टाकला, आर्किटेक्चरच. मला ते खटकलं. चाचणी आवड सांगते. ती आवड रोजच्या कामात टिकेल का, हे कागदावर कसं कळणार?

पण खटकूनही मी त्याच निकालाचा आधार घेतला. अर्जाची मुदत जवळ येत होती, ती काही ठरवत नव्हती, म्हणून एका रात्री मीच फॉर्म भरायला बसलो आणि पसंतीक्रमात आर्किटेक्चर वर टाकून अर्धा फॉर्म सेव्ह केला. दुसऱ्या दिवशी तिने तो उघडला. चिडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, मग मी कशाला विचार करतेय?" ते ऐकून माझ्या पोटात कालवलं. घाई तिला नव्हतीच, मला होती. तिचं काही ठरलं नाही तर काय, ही भीती माझी होती आणि तिचं ओझं मी तिच्या डोक्यावर ठेवलं होतं. मी तिची माफी मागितली. दोन दिवस ती माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलली.

मग मी एक केलं. "काय होणार" हा प्रश्नच बंद केला आणि ओळखीच्या दोघांना फोन करून विचारलं, चार दिवस हिला तुमच्याकडे बसू द्याल का? आधी ती आर्किटेक्टच्या ऑफिसात गेली. तिथे अख्खा दिवस एका जिन्यावर गेला. पायरी किती उंच, पाऊल टेकायला जागा किती, सेंटिमीटर दोन सेंटिमीटरनं पुन्हा पुन्हा बदल. तिला ते आवडलं, पण संध्याकाळी घरी आली ती गप्पच होती.

नंतर फिजिओथेरपिस्टकडे गेली. त्या संध्याकाळी चपला काढता काढताच बोलायला लागली. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या एक आजी जिना चढायला शिकत होत्या. लेकीने मला आमच्याच जिन्यावर उभं केलं, माझा उजवा गुडघा 'ऑपरेशन झालेला' ठरवला आणि कठडा धरायला लावला. "चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा." मी चुकलो. तिने माझ्या कोपराला हात लावून थांबवलं आणि पुन्हा पहिल्या पायरीवर आणलं. चार वेळा. एकदाही वैतागली नाही. घरात पसारा दिसला तरी वैतागणारी ही मुलगी! मग वर बसून म्हणाली, "तिथे जिना काढतात, इथे तो चढायला शिकवतात. मला इथे थांबावंसं वाटलं." मी काही बोललो नाही. बोलायला काही हवंही नव्हतं.

थांबण्याच्या वर्षाबद्दल मात्र मी त्या रात्री आपणहून विचारलं. ती दमली होती, इतकंच होतं ते. परीक्षेनंतर काही आठवडे कोणी काही विचारू नये, एवढंच तिला हवं होतं. वर्षभर थांबायचं आहे असं समजून मी किती महिने घाबरलो होतो!

त्याच सुमारास २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाबद्दल वाचलं. १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून जास्त लोकांना विचारलं होतं, गेल्या दहा वर्षांत किती बदललात आणि पुढच्या दहांत किती बदलाल? मागचा बदल लोक बराच सांगतात, पुढचा मात्र फार कमी धरतात. सगळ्याच वयांत हे दिसलं. मला ते तिच्यापेक्षा माझ्याबद्दल जास्त वाटलं. सत्ताविसाव्या वर्षीची लेक सतराव्या वर्षीसारखीच असेल असं गृहीत धरून मी तिचं आयुष्य एका फॉर्मवर ठरवायला निघालो होतो.

मुदतीच्या आदल्या रात्री ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. "फक्त नावं, तारखा बघ." पसंतीक्रम भरलेला होता. वर फिजिओथेरपी, खाली आर्किटेक्चर. मी नाव बघितलं, जन्मतारीख बघितली, पत्त्यातला राहिलेला एक आकडा दाखवला. तिने तो टाकला, लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि बटण दाबलं.