खडकवासल्याला जाण्याआधी पायांची तयारी

शाळेच्या स्मरणिकेसाठी मनोगत मागितले तेव्हा ठरवले, की गणवेशाची ओढ असलेल्या मुलामुलींना उपयोगी पडेल तेच लिहायचे. आपल्या शाळेतून दरवर्षी कुणी ना कुणी एनडीएच्या, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेला बसते. लेखी परीक्षा ९०० गुणांची, एसएसबी (सेवा निवड मंडळाची मुलाखत) हीही ९०० गुणांची, हे कोणताही क्लास सांगतो. निवड झाल्यावर पुढे काय वाढून ठेवलेले असते, ते सांगणारे कमी.

खडकवासल्याला तीन वर्षे, म्हणजे सहा टर्म. त्यानंतर भूदलाचे कॅडेट डेहराडूनला, नौदलाचे केरळमधल्या एळिमलाला आणि हवाई दलाचे हैदराबादजवळच्या दुंडिगलला पुढच्या प्रशिक्षणासाठी जातात. २०२२ पासून मुलीही येतात आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली.

पहिल्या टर्ममध्ये सगळ्यात जास्त टंचाई असते ती वेळेची आणि झोपेची. पहाटेपासून पीटी, ड्रिल, वर्ग, मैदान, अभ्यासिका, आणि प्रत्येक ठिकाणचा पोशाख वेगळा. शिक्षा म्हणून होणारी ‘पुट्टू परेड’ याच टंचाईवर उभी असते. हुकूम सुटतो, पीटीच्या कपड्यांतून ड्रिलच्या पोशाखात या. फॉल-इन होईपर्यंत, म्हणजे रांगेत उभे राहीपर्यंत, दुसरा हुकूम, आता मुफ्ती (साधे नागरी कपडे). घाई करणारा हमखास एक बटण विसरतो आणि सगळी तुकडी पुन्हा धावते. यावर उपाय एकच. कपडे ज्या क्रमाने अंगावर चढतात त्याच क्रमाने पलंगावर मांडून ठेवायचे, बुटांच्या नाड्या अर्ध्या ओवलेल्या ठेवायच्या आणि बाहेर पडण्याआधी शेजारच्या कोर्समेटची कॉलर व पट्टा बघायचा, त्याने तुमचा. एकटा वेळेत पोहोचला तरी उपयोग नसतो, कारण वेळ मोजतात ती तुकडीची.

आता पायांविषयी, कारण खरे नुकसान तिथे होते. धावण्याचा सराव सुरू केला की दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. हाडांना त्याहून बराच जास्त काळ लागतो. दम वाढला म्हणून मुले एकदम दुप्पट पळतात, त्यात ड्रिलची टाच आपटणे येते, आणि नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. सुरुवातीला नडगीच्या बाजूने लांबट दुखते, ते सहसा विश्रांतीने शमते. मात्र बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दुखणे लपवणाऱ्याला पुढे आठवडेच्या आठवडे पळता येत नाही, चाचण्या राहतात आणि रेलिगेट होऊन, म्हणजे खालच्या तुकडीत ढकलले जाऊन, सहा महिने मागे पडावे लागते. मला हे फार वाईट वाटते, कारण बहुतेक वेळा ते टाळता येण्याजोगे असते.

म्हणून तयारी किमान तीन महिने आधी सुरू करा. आठवड्याचे एकूण अंतर दर आठवड्याला साधारण एक दशांशाने वाढवा, आणि काँक्रीटऐवजी मातीवर पळा. दाखल होण्याआधी मुलांना २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, २० जोर, २० सिट-अप्स आणि ८ चिन-अप्स जमायला हवेत. ही किमान पातळी आहे, तिथे थांबू नका. दोर चढताना मुले हातांनी ओढत बसतात आणि निम्म्यात गळतात. दोर पावलांमध्ये घट्ट आवळून पायांनी उचल घ्यायची, हातांनी फक्त वरची पकड बदलायची. पोहणे घरूनच शिकून या. न पोहणाऱ्याला तिथे शिकवतात, पण ते शिकण्याचा वेळ त्याच्याच तुटपुंज्या विश्रांतीतून जातो.

नवे बूट आले की आत पातळ आणि वर जाड असे दोन मोजे घाला, म्हणजे घर्षण कातडीऐवजी मोज्यांमध्ये होते. मोजा ओला झाला की बदला. फोड आला तर वरची कातडी सोलू नका.

पुढे कॅम्प लागतात. रात्री नकाशा आणि होकायंत्रावर चालायचे असते, आणि चुकण्याची कारणे ठरलेली. रायफल अंगाशी ठेवून होकायंत्र वाचले की लोखंडामुळे सुई हलते, म्हणून दिशा घेताना रायफल बाजूला द्यायची. अंतर पावलांनी मोजतात. तुमची १०० मीटरला किती पावले पडतात ते दिवसा मोजून ठेवा, चढावर पाऊल आखूड पडते हेही ध्यानात धरा. दिशा एकाने सांभाळायची, पावले दुसऱ्याने मोजायची. दोन्ही कामे एकाच्या गळ्यात पडली की कुणीतरी प्रश्न विचारतो आणि आकडा निसटतो.

पालकांनाही एक सांगायचे आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत फोन क्वचित येईल, आणि आला तर बहुधा ‘मला परत यायचंय’ असाच येईल. तेव्हा रागावू नका आणि लगेच होही म्हणू नका. पहिल्या टर्मची सुट्टी होईपर्यंत थांबायला सांगा आणि निर्णय घरी, पोटभर झोप झाल्यावर घ्या.