पुतळ्याच्या पत्रापायी

आमच्या वृद्धसेवा केंद्रात कर्मचाऱ्यांचं ट्रेनिंग लावायचं ठरलं तेव्हा मी ट्रस्टींना सांगितलं होतं, पंधरा दिवसांत उरकते. त्यानंतरचे सात आठवडे एका रबरी पुतळ्याच्या पत्रामागं गेले. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं केंद्र सांगलीत, नदीपासून फार लांब नाही. चौतीस आजी-आजोबा, त्यातले अकरा पूर्ण अंथरुणावर. सांभाळायला तीन पाळ्यांत मिळून चौदा जण, बारा मावशी आणि दोन मामा. कोणी बुधगावहून वडापच्या जीपनं येतं, कोणी हरिपूरहून सायकलवर. नर्सिंगचा कोर्स एकीचाही झालेला नाही. बहुतेक जणी आधी द्राक्षबागेत नाहीतर हळदीच्या कामावर होत्या. हात तयार आहेत, माया आहे, पण बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणारी जखम, का होतो हे कोणी कधी नीट सांगितलेलं नव्हतं.

पहिला प्रयत्न अगदी रीतसर केला. मिरजेहून एक ओळखीचे डॉक्टर आले, प्रोजेक्टर लावला, तासभर बोलले. बोलले चांगलं, पण सकाळी साडेआठला. रात्रपाळीच्या मावशी समोर बसून डुलक्या घेत होत्या आणि सकाळपाळीच्या दर पाच मिनिटांनी बेल वाजली की उठून जात होत्या. शेवटी 'काही शंका?' असं विचारल्यावर एका मावशींनी हात वर केला. मला केवढा आनंद झाला! त्या म्हणाल्या, "मॅडम, पावणेदहाची गाडी चुकायलीय."

मग मला पुतळ्याची कल्पना सुचली. नर्सिंगच्या कॉलेजांत माणसाएवढा पुतळा असतो. त्याला कुशीवर वळवता येतं, आंघोळ घालता येते, नाकात नळी घालून दाखवता येते. दोन दिवस तो पुतळा आणि सोबत शिकवायला एखादी ट्यूटर मिळाली तर मावशींना हातानं करून बघता येईल. आमच्या भागात नर्सिंग शिकवणाऱ्या संस्था कमी नाहीत. त्यातल्या एकीकडं मी विनंतीपत्र घेऊन गेले. नाव घेत नाही.

पहिल्या खेपेला कळलं की पत्र प्राचार्यांच्या नावे चालत नाही, संस्थेच्या सचिवांच्या नावे हवं आणि 'प्राचार्यांमार्फत' असं लिहायला हवं. ते केलं. दुसऱ्या खेपेला सांगितलं, ट्रस्टच्या ठरावाची प्रत जोडा. आमच्या ट्रस्टची बैठक महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी. तो रविवार चार दिवसांपूर्वीच होऊन गेला होता! हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? तिसऱ्या खेपेला ठराव घेऊन गेले तर हमीपत्र मागितलं, स्टॅम्प पेपरवर. २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभराचा स्टॅम्प पेपर चालत नाही, पाचशेचाच घ्यावा लागतो. पुतळ्याचं नुकसान झालं तर भरून देऊ, एवढं एक वाक्य लिहायला पाचशे रुपये.

त्यानंतर सुरू झालं 'साहेबांची सही'. साहेब मीटिंगला गेलेत, साहेब पुण्याला आहेत, साहेब आत आहेत पण आज कोणाला भेटत नाहीत. टेबलवरचे क्लार्क वाईट नव्हते, चहासुद्धा विचारायचे. "ताई, सही झाली की मी स्वतः फोन करतो." फोन काही आला नाही. सहाव्या आठवड्यात मी आवक क्रमांक सांगून रजिस्टर उघडायला लावलं. आमचं पत्र रक्तदान शिबिराच्या फायलीत लावलेलं निघालं. शिबिर कधीच होऊन गेलं होतं, त्यामुळं ती फाईल कोणी उघडतच नव्हतं.

अशा कामाला जाणार असाल तर पत्राच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मी तेवढं एक केलं होतं, म्हणून निदान फाईल तरी सापडली.

त्याच रिकाम्या आठवड्यांत एका दुपारी दोनला, पाळी बदलताना, मी वैतागून रिकाम्या कॉटवर आडवी झाले आणि म्हटलं, "पुतळा येईल तेव्हा येईल, आज मीच पेशंट. मला बोलता येत नाही, हलता येत नाही. चालू करा."

आधी सगळ्या हसल्या. मग हरिपूरच्या मावशी वाटीत पेज घेऊन आल्या आणि नेहमीसारख्या कॉटशेजारी उभ्या राहून भरवू लागल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा खालून ते बघितलं. चमचा छतावरून आल्यासारखा येतो. तो घ्यायला हनुवटी आपोआप वर जाते, मान मागं पडते आणि पेज थेट घशावर आदळते. तिसऱ्या चमच्याला मला खराखुरा ठसका लागला. मावशी घाबरल्या. मी उठून बसले, त्यांना आडवं केलं आणि तोच चमचा उभ्यानं त्यांना भरवला. दोन घासांनंतर त्या म्हणाल्या, "अगं बाई. आम्ही ह्यास्नी रोज असंच भरवायलोय व्हय?"

पुढचं त्यांचं त्यांनीच शोधलं. पेशंटला उठतं करून बसवायचं, आपण स्टुलावर बसायचं, चमचा समोरून थोडा खालून न्यायचा, हनुवटी किंचित खाली ठेवायची आणि पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. मी फक्त एक भर घातली, की जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

दुसऱ्या दिवशी चादरीखाली शर्टाचं बटण ठेवून एकेकीला पाठीवर वीस मिनिटं निजवलं. हलायचं नाही, ही अट. दहाव्या मिनिटाला कुरकुर सुरू झाली. दर दोन तासांनी कूस का बदलायची, माकडहाड आणि टाचा का बघायच्या, चादरीची एक चुणीसुद्धा का चालत नाही, यावर मला बोलावंच लागलं नाही. कूस बदलल्याचा तक्ता आमच्याकडं आधीपासून होता, पण रात्रीच्या सगळ्या खुणा एकाच पेनानं, एकाच तिरक्या हातानं केलेल्या असायच्या. म्हणजे सकाळी एकदम. रागवून उपयोग झाला नव्हता. आता प्रत्येक कॉटला पुठ्ठ्याचं घड्याळ आहे आणि त्यावर तीन चित्रं, खिडकी, छत, दार. पाळी बदलताना मावशी एकमेकींना सांगतात, "आजोबा दाराकडं हायत, चारला खिडकीकडं करा." नोंद ठेवायला वेगळं शिकवावं लागलं नाही.

हात धुण्याचा प्रयोग मात्र माझा फसला. सांगलीत राहून दुसरं काय सुचणार, मी सगळ्यांच्या हाताला हळद-तेल लावलं, धुवायला सांगितलं आणि राहिलेला पिवळा रंग शोधायला लागले. हळद कुणाच्याच हाताची जाईना. एक मावशी म्हणाल्या, "माझी नखं तर आडतीत काम करायची तवापासून पिवळी हायत." पुढच्या वेळी पोरांचा धुऊन निघणारा पोस्टर कलर आणला आणि डोळे मिटून हात धुवायला लावले. अंगठ्याच्या मागं आणि बोटांच्या बेचक्यात रंग राहिला, माझ्यासुद्धा. हात ओले करण्यापासून पुसेपर्यंत चाळीस ते साठ सेकंद द्यायचे असतात. घड्याळ लावून बघा, फार लांब वाटतात.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: एका वेळी वीस मिनिटांच्या वर घेऊ नका आणि तोच विषय तिन्ही पाळ्यांना वेगवेगळा घ्या. रात्रपाळीला दिवसा बोलावू नका, तुम्ही रात्री जा. मी रात्री नऊला गेले तेव्हा तिथल्या मावशींनी आधी संशयानंच बघितलं. आणि थांबवून घेतलेल्या वेळेचे पैसे द्या. ट्रस्टींनी "चहा-भडंग देऊया की" म्हटलं होतं. मी भडंगही दिलं आणि पैसेही लावून घेतले, त्यावर थोडी खणाखणी झाली.

एका विषयात त्यांनीच मला शिकवलं. आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे त्यांना तोंडपाठ. २०१९ चा पूर सगळ्यांनी अंगावर घेतलेला. दोन्ही मामांनी चादरीचे चार कोपरे धरून माणूस जिन्यानं वर कसा न्यायचा ते मलाच आत बसवून दाखवलं. लघवीची पिशवी कोणी धरायची आणि ती पेशंटच्या अंगाच्या वर उचलायची नाही, हे त्यात मावशींनी घातलं.

आणि सातव्या आठवड्यात पुतळा आला. टेम्पोतून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, एका दिवसासाठी. सोबत ट्यूटर नव्हती. बुधगावच्या मावशींनी त्याला सराईतपणे कुशीवर घेतलं, पाठीला उशी लावली आणि म्हणाल्या, "ह्याला टोचलं तर ह्यो सांगणार कसा?" डावा हात नव्हता. खांद्यापाशी नुसतं भोक.

माझी चूक एवढीच, की टेम्पोवाला घाईत होता म्हणून प्लास्टिक न उघडताच मी पोचपावतीवर सही केली. पुतळा परत गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्या कार्यालयातून पहिल्यांदाच, आपणहून, फोन आला. "ताई, हात कुठाय?"

आता त्यांचा लेखी खुलासा मागणारा कागद आला आहे. सोबत पाचशेच्या स्टॅम्पवरच्या आमच्या हमीपत्राची झेरॉक्स. खुलासा मी लिहून दिला आहे, सचिवांच्या नावे, प्राचार्यांमार्फत, दोन प्रतींत. आमच्या प्रतीवर शिक्का घेतला आहे.