अन्न एक, कायदे तीन

रोममध्ये १९९६ साली भरलेल्या जागतिक अन्न शिखर परिषदेने अन्नसुरक्षेची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात पोटभर अन्न आणि निर्धोक अन्न अशी फारकत केलेली नाही. सर्व माणसांना सर्व काळ, निरोगी आणि क्रियाशील जगण्यासाठी लागणारे पुरेसे, निर्धोक आणि पोषक अन्न मिळवणे शक्य असेल, तेव्हाच अन्नसुरक्षा साधली असे मानावे, असा तिचा आशय आहे. असे अन्न माती, पाणी आणि हवा धड असल्याशिवाय पिकत नाही, हे वेगळे सांगायला नको. आंतरराष्ट्रीय कायद्याने मात्र या तीन गोष्टींची वाटणी केली आहे. भुकेचा प्रश्न मानवी हक्कांच्या करारांकडे गेला, निर्धोकतेचा प्रश्न मुख्यतः व्यापाराच्या करारांकडे गेला आणि माती-पाण्याचा पर्यावरणाच्या करारांकडे. वाटणी केवळ कामाची झाली असती, तर तक्रारीचे कारण नव्हते. पण ती बळाचीही झाली, आणि बळ जवळजवळ सगळे एकाच वाट्याला गेले. हा विषय वाचताना मला सर्वाधिक सलणारी गोष्ट हीच आहे, म्हणून ती सविस्तर मांडत आहे.

आधी भुकेविषयी थोडक्यात. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ११ व्या अनुच्छेदात उपासमारीपासून मुक्त असण्याचा हक्क मूलभूत मानला आहे. अन्न आयात करणारे आणि निर्यात करणारे अशा दोन्ही देशांच्या अडचणी लक्षात घेऊन जगातील अन्नसाठ्याचे गरजेनुसार न्याय्य वाटप करावे, असेही तेथे म्हटले आहे. इतके स्पष्ट वाक्य व्यापाराच्या करारांत शोधूनही सापडत नाही. परंतु त्यामागची यंत्रणा म्हणजे देशांनी ठरावीक काळाने सादर करायचे अहवाल आणि त्यांवर संयुक्त राष्ट्रांच्या समितीने नोंदवायची निरीक्षणे. वैयक्तिक तक्रारीची सोय करणारा पूरक करार २००८ मध्ये स्वीकारला गेला आणि २०१३ मध्ये अमलात आला, पण तो मान्य करणारे देश थोडेच आहेत.

पर्यावरणाच्या करारांची ताकद आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात एकत्र दिसतात. उष्ण आणि समशीतोष्ण प्रदेशांत वापरलेली काही कीटकनाशके आणि औद्योगिक रसायने हवेत मिसळून थंड प्रदेशाकडे वाहत जातात आणि तेथे खाली उतरतात. ती सहजासहजी विघटित होत नाहीत, चरबीत साठतात आणि अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर त्यांचे प्रमाण वाढत जाते. सूक्ष्मजीवांकडून माशांत, माशांतून सीलमध्ये, आणि सील किंवा व्हेल खाणाऱ्या माणसांत. कॅनडातील क्यूबेक प्रांताच्या उत्तर भागातील इन्युइट, म्हणजे ध्रुवीय प्रदेशातल्या मूळ रहिवासी, स्त्रियांच्या दुधात पीसीबी या रसायनांचे प्रमाण त्याच प्रांताच्या दक्षिण भागातील स्त्रियांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असल्याचे १९८० च्या दशकाच्या अखेरीस आढळले. ही रसायने त्या समाजाने बनवली नव्हती आणि ती वापरण्याची त्याला गरजही नव्हती. आरोग्य सल्लागारांपुढचा पेच विचार करायला लावणारा होता. परंपरागत अन्न सोडा असे सांगावे, तर त्याच्या जागी येणारे दुकानातले अन्न महाग आणि पोषणमूल्यांत कमी. सोडू नका असे सांगावे, तर विषाचा धोका. पर्यावरण, अन्नाची निर्धोकता आणि अन्नाची उपलब्धता या तिन्ही गोष्टी येथे एकाच आईच्या निर्णयात येऊन मिळतात, आणि त्या वेगळ्या करणे तिला शक्य नसते.

चिवट सेंद्रिय प्रदूषकांविषयीचा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला, तो या अनुभवाची दखल घेऊन. वाटाघाटींच्या काळात इन्युइट प्रतिनिधी शीला वॉट-क्लुटिये यांनी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या प्रमुखांना आई आणि बाळाचे कोरीव शिल्प भेट दिले होते. ध्रुवीय प्रदेशातील मूळ रहिवाशांचे परंपरागत अन्न दूषित होणे हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, ही नोंद कराराच्या प्रस्तावनेत आहे. सुरुवातीच्या यादीत १२ प्रदूषके होती, त्यांतली बहुतेक कीटकनाशके. एंडोसल्फान या कीटकनाशकाची भर २०११ मध्ये पडली. हा करार मला खरोखर मोठी कमाई वाटतो. तरीही त्यातून बंदी आणि कपात साध्य होते. आधीच दूषित झालेल्या अन्नावर जगणाऱ्या समाजाला भरपाई मागण्याचा मार्ग त्यात नाही. आणि अन्नाच्या निर्धोकतेचे आंतरराष्ट्रीय नियम प्रामुख्याने व्यापारात येणाऱ्या अन्नासाठी आहेत. बर्फावर शिकार करून घरी आणलेला सील त्यांच्या कक्षेत क्वचितच येतो.

आता ज्या वाट्याला बळ गेले, त्याकडे वळू. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा संयुक्त कोडेक्स अलिमेंटेरियस आयोग १९६३ पासून अन्नाची मानके ठरवतो. किती अवशेष चालतील, कोणती भर चालेल, लेबलवर काय हवे, असे हे काम. पहिली तीन दशके ही मानके ऐच्छिक होती आणि तज्ज्ञांपलीकडे त्यांची फारशी चर्चा होत नसे. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि तिच्या एसपीएस करारात, म्हणजे माणसे, प्राणी आणि वनस्पती यांच्या आरोग्यासाठी केलेल्या उपायांच्या करारात, कोडेक्सला संदर्भमानकाचा दर्जा मिळाला. मानक पाळणारा देश सुरक्षित. त्याहून कडक नियम करू पाहणाऱ्या देशाने मात्र शास्त्रीय जोखीम मूल्यांकन पुढे ठेवायचे.

याचा परिणाम लगेच दिसला. जुलै १९९५ मध्ये मांसासाठी पाळलेल्या जनावरांना वाढीसाठी देण्याच्या संप्रेरकांची मानके कोडेक्समध्ये एकमताने नव्हे, तर गुप्त मतदानाने संमत झाली. बाजूने ३३ मते, विरोधात २९ आणि ७ तटस्थ. अशी संप्रेरके दिलेल्या जनावरांच्या मांसावर युरोपीय समुदायाने घातलेल्या बंदीविरुद्ध अमेरिका आणि कॅनडा यांनी व्यापार संघटनेकडे तंटा दाखल केला, तेव्हा ही मानके त्यांच्या हाती होती. संघटनेच्या अपील मंडळाने जानेवारी १९९८ मध्ये दिलेला निर्णय अनेक जण समजतात त्यापेक्षा संयत आहे. देशाला कोडेक्सपेक्षा वरची पातळी निवडण्याचा हक्क आहे, असे मंडळाने स्पष्ट म्हटले. पण त्या उपायाला पुरेशा जोखीम मूल्यांकनाचा आधार हवा आणि तो युरोपकडे नाही, असे ठरवले. सावधगिरीचे तत्त्व, म्हणजे पुरावा अपुरा असतानाही धोका टाळण्याचे पाऊल उचलावे हा विचार, आंतरराष्ट्रीय रूढी कायद्याचा, म्हणजे देशांच्या प्रस्थापित वागणुकीतून बंधनकारक झालेल्या नियमांचा, भाग झाले आहे का, यावर मत देण्याचे मंडळाने टाळले. युरोपने बंदी उठवली नाही, तेव्हा १९९९ मध्ये अमेरिकेला वर्षाला ११ कोटी ६८ लाख डॉलरच्या व्यापार सवलती रोखण्याची परवानगी मिळाली. चुकलेल्या पक्षाला किंमत मोजायला लावणारी अशी शक्ती भुकेच्या किंवा प्रदूषणाच्या करारांकडे नाही.

नियमाला शास्त्राचा आधार असावा, ही अट मला मुळीच चुकीची वाटत नाही. आरोग्याचे नाव पुढे करून स्वतःच्या उत्पादकांना आडोसा देणाऱ्या सरकारांची कमतरता नाही, आणि त्याचा फटका गरीब निर्यातदार देशांना अधिक बसतो. माझा आक्षेप आहे तो शास्त्राच्या नावाखाली मूल्यांचे निर्णय लपण्याला. २०१२ मध्ये रॅक्टोपामाइन या पशुखाद्यातील औषधाच्या अवशेषमर्यादा कोडेक्सने ६९ विरुद्ध ६७ मतांनी स्वीकारल्या. दोन मतांच्या फरकाने ठरलेली गोष्ट शास्त्राचा निर्विवाद निष्कर्ष असू शकत नाही. जनावरे कशी पाळावीत आणि अनिश्चिततेचा भार कोणी उचलावा, यावरचे ते मतभेद होते.

याच व्यवस्थेची दुसरी बाजू निर्यातबंदीत दिसते. २००७-०८ मध्ये अनेक देशांनी धान्याची निर्यात थांबवली किंवा आवळली, आणि काही महिन्यांत तांदळाचा जागतिक भाव सुमारे तिप्पट झाला. हैतीमध्ये महागाईविरोधी दंगली उसळल्या आणि एप्रिल २००८ मध्ये तेथील पंतप्रधानांना पायउतार व्हावे लागले. अन्नधान्याचा गंभीर तुटवडा टाळण्यासाठी तात्पुरती निर्यातबंदी गॅट कराराला, म्हणजे व्यापार संघटनेच्या वस्तुव्यापारविषयक मूळ कराराला, मान्य आहे. संघटनेच्याच कृषी करारात भर आहे ती पूर्वसूचना देण्याची आणि आयातदार देशांच्या अन्नसुरक्षेचा यथोचित विचार करण्याची, आणि त्यातूनही बहुतेक विकसनशील देशांना सूट आहे. परके मांस नाकारणाऱ्या देशाने प्रयोगशाळेचा पुरावा आणायचा. उपाशी शेजाऱ्याला तांदूळ नाकारणाऱ्याने फक्त विचार करायचा. स्वतःच्या जनतेचे पोट आधी भरण्याची सरकारची जबाबदारी मी नाकारत नाही, पण कसोट्यांमधले हे अंतर समर्थनीय नाही. जागतिक अन्न कार्यक्रमाने मानवतावादी कामासाठी खरेदी केलेल्या धान्यावर निर्यातबंदी लावायची नाही, एवढ्या एका गोष्टीवर सहमती व्हायला जून २०२२ उजाडावे लागले.

तीन वाटे पुन्हा जोडण्याचा मार्ग कायद्यात नाही असे नाही. करारांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराच्या ३१ व्या अनुच्छेदानुसार, एखाद्या कराराचा अर्थ लावताना पक्षांमधील संबंधांना लागू असणारे आंतरराष्ट्रीय कायद्याचे इतर नियमही विचारात घ्यायचे असतात. समुद्री कासवे आणि कोळंबी यांच्या तंट्यात अपील मंडळाने १९९८ मध्ये पर्यावरणविषयक करारांच्या प्रकाशात गॅटमधील शब्दांचा अर्थ लावला होता, आणि त्यांतले काही करार तंट्यातील सर्व पक्षांनी स्वीकारलेलेही नव्हते. जनुकीय बदल केलेल्या पिकांच्या तंट्यात मात्र २००६ मध्ये व्यापार संघटनेच्या पॅनेलने, म्हणजे तंटा प्रथम ऐकणाऱ्या मंडळाने, हा मार्ग फार अरुंद केला. जैवसुरक्षेचा कार्टाजेना प्रोटोकॉल अनिश्चिततेच्या स्थितीतही आयात नाकारण्याची मुभा देतो. पण व्यापार संघटनेचे सर्व सदस्य त्यात सामील नाहीत, म्हणून तो विचारात घेणे बंधनकारक नाही, असे पॅनेलने ठरवले. ही अट लावली तर पर्यावरणाचा जवळजवळ कोणताच करार दाराच्या आत येऊ शकत नाही, कारण संघटनेच्या १६६ सदस्यांपैकी एक जरी बाहेर राहिला तरी दार बंदच राहते.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी हवामान बदलाविषयी एकमताने दिलेले सल्लागार मत मला फार महत्त्वाचे वाटते. देशांची कर्तव्ये केवळ हवामानाच्या खास करारांत शोधावीत, हा काही मोठ्या देशांचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला आणि पर्यावरणाचे करार, सागरी कायदा, रूढी कायदा आणि मानवी हक्क एकमेकांच्या आधारे वाचायला हवेत, अशी भूमिका घेतली. निरोगी पर्यावरणाशिवाय इतर हक्क उपभोगता येत नाहीत, हेही त्यात मान्य झाले. हे मत बंधनकारक नाही, व्यापाराच्या तंट्यांना ते थेट लागूही नाही. शिवाय सदस्यांच्या नेमणुका अडवल्या गेल्यामुळे व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून काम करू शकलेले नाही. पण पहिल्या पातळीवरची पॅनेल अजून तंटे ऐकतात आणि आपली कारणे लिहून देतात. अन्नाच्या पुढच्या तंट्यात एखाद्या पॅनेलने २००६ ची अट बाजूला ठेवून अन्नाचा हक्क आणि पर्यावरणाचे करार वाचायला घेतले, तर त्याला कासवांच्या तंट्यातला १९९८ चा दाखलाही मिळेल आणि २०२५ चे मतही.