छोट्या गाडीला नवे टायर

आज गाडीचे चारही टायर बदलले. जुने खाचांमधल्या खुणेपर्यंत झिजले होते. ही खूण खाचेच्या तळापासून १.६ मिलिमीटर उंचीवर असते. तिथवर पोचलेला टायर पावसात धोक्याचा.

दुकानात रुंद टायर सुचवले, दिसायला छानच होते. मी नाही म्हटलं. लहान इंजिनाला रुंद, जड टायर ओढायला लावले की मायलेज पडतं. कंपनीने दिलेलं मापच घेतलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे टायर फिरताना होणारा विरोध, समजून घेण्यात. टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि सुटतो, त्यात रबर तापतं आणि तेवढं इंधन वाया जातं. रबरात सिलिका (वाळूत असतो तो पदार्थ) असली की हे नुकसान कमी होतं, शिवाय ओल्या रस्त्यावरची पकडही टिकते. युरोपातल्या लेबलवर या दोन्ही गोष्टींची श्रेणी ए ते ई अशी वेगवेगळी असते. माझं ठाम मत, पकड आधी बघा, बचत नंतर. मागच्या सीटवर आईबाबा असतात, ब्रेक लागायलाच हवा.

एक टायर फारच स्वस्त मिळत होता. त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचले: पहिले दोन उत्पादनाचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. बराच जुना माल निघाला, म्हणून मधल्या किमतीचे घेतले.

आणि हो, हवा टायर थंड असतानाच तपासा. किती भरायची ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरच्या कडेवर असतो तो कमाल आकडा, तेवढी भरायची नसते.