छप्पर वाचत चेर्वेतेरी ते रोम: एट्रुस्कन थडगी, देवळं आणि सुरुवातीचं रोम

एट्रुस्कन म्हणजे रोमचा दबदबा वाढण्याआधी मध्य इटलीत नांदलेले लोक. त्यांची घरं आणि देवळं लाकूड, कच्च्या विटा आणि कौलांची होती. त्यातलं आज उभं जवळजवळ काहीच नाही. उरली ती जोती, कौलं आणि छपरावरची भाजक्या मातीची शिल्पं. मात्र मेलेल्या माणसांसाठी त्यांनी खडकात घरं कोरली आणि त्यात आढं, वासे, दारं, खाटा सगळं उतरवलं. म्हणून रोमला पोहोचल्या पोहोचल्या व्हिला जुलिया या एट्रुस्कन वस्तूंच्या म्युझियमकडे धावू नये. आधी चेर्वेतेरी, मग तार्क्विनिया (दोन्ही एट्रुस्कन दफनस्थळांची गावं), त्यानंतर म्युझियम आणि शेवटी खुद्द रोममधले अवशेष, असा क्रम लावावा. मग काचेमागची वस्तू घराच्या किंवा देवळाच्या कुठल्या भागातली, हे कुणी सांगावं लागत नाही. आणि सगळीकडे नजर वर ठेवावी. या वास्तुकलेची गोष्ट छपरात आहे.

वाराचं गणित आधी जुळवून घ्या. चेर्वेतेरी, तार्क्विनिया आणि व्हिला जुलिया ही तिन्ही ठिकाणं सोमवारी बंद असतात. रोममधलं कॅपिटोलाइन म्युझियम सोमवारीही उघडं असतं. तेव्हा सोमवार रोम शहरासाठी ठेवावा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियममध्ये प्रवेश फुकट असतो, पण लहान थडग्यांच्या तोंडाशी त्या दिवशी रांग लागते. हिवाळ्यात बंद व्हायची वेळ सूर्यास्ताबरोबर अलीकडे सरकते आणि शेवटचा प्रवेश त्याच्याही आधी मिळतो.

चेर्वेतेरी

रोमहून दोन वाटा आहेत. एक, ट्रेनने लादिस्पोली-चेर्वेतेरी स्टेशन. पण गाव तिथून सहा-सात किलोमीटर आत आहे आणि पुढची बस पकडावी लागते. दुसरी, मेट्रोच्या 'ए' लाइनने कोर्नेलिया आणि तिथून कोत्राल कंपनीची बस, जी थेट गावात सोडते. दुसरी वाट बरी. गावातल्या आल्दो मोरो चौकातून बांदिताच्चा हे दफनस्थळ दोनेक किलोमीटर चालत आहे. निघण्याआधीच परतीच्या बसची वेळ पाहून ठेवा. रविवारी बस कमी असतात आणि इथेच बऱ्याच जणांचा दिवस फसतो. तिकीट बसमध्ये मिळेल यावर विसंबू नका, आधीच घ्या. पाणी आणि खाणं सोबत ठेवा.

2004 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेलं हे ठिकाण सुमारे 400 हेक्टरचं आहे, पण कुंपणातला पाहायचा भाग दहाएक हेक्टरच. सगळं कोरीवकाम तुफा नावाच्या दगडात आहे. ज्वालामुखीची राख घट्ट होऊन तो बनतो. ताजा असताना कुदळीने कापता येतो आणि हवेत सुकला की टणक होतो. मोठ्या तुमुलसची, म्हणजे थडग्यांवर रचलेल्या गोल ढिगाची, रचना बघा: तळाचा गोल कठडा बराचसा जागच्या खडकातच कापून काढलेला, त्यावर नक्षीच्या पट्ट्या, आणि वर मातीचा घुमटासारखा ढीग. एकेका ढिगाखाली वेगवेगळ्या पिढ्यांची तीन-चार थडगी असतात.

पाहायचा क्रम काळाप्रमाणे ठेवा. आधी 'झोपडीचं थडगं', इ.स.पू. 7व्या शतकाच्या पूर्वार्धातलं. दोन्ही पाखी थेट जमिनीजवळ येतात, गवती छपरासारखी. त्यानंतर 'स्तंभशीर्षांचं थडगं': इथे छत सपाट आहे, त्यावर तुळया आणि त्यांच्यामधलं आच्छादन कोरलेलं, खाली दोन खांब. मग 'ढाली आणि खुर्च्यांचं थडगं', इ.स.पू. 6व्या शतकातलं. पुढे रुंद दालन, भिंतीवर गोल ढाली, खडकातच कोरलेल्या पाय टेकायच्या पाटासकट दोन खुर्च्या, आणि मागच्या भिंतीत तीन दारं, तीन खोल्यांची. ही तीन खोल्यांची मांडणी नीट लक्षात ठेवा. रोममधल्या ज्युपिटरच्या देवळात ती पुन्हा भेटणार आहे.

भाजे लेणं पाहिलेल्यांना हा सगळा प्रकार ओळखीचा वाटेल. तिथेही लाकडी इमारत खडकात उतरवली आहे. फरक असा की भाज्याच्या चैत्यगृहात कमानीला खरे लाकडी वासे बसवलेले आहेत, तर इथे वासेही कोरलेले. आणि इथलं काम भाज्याच्या कित्येक शतकं आधीचं.

दगडी खाटांकडेही बघा. गोल पायांची खाट पुरुषाची. डोक्याशी आणि पायाशी त्रिकोणी, घराच्या छपरासारख्या फळ्या असलेली स्त्रीची. बाहेर दाराशी हाच भेद वेगळ्या खुणांनी दाखवलेला असतो: पुरुषासाठी आखूड खांब, स्त्रीसाठी छोटं दगडी घर. पुढे गेलं की गोल ढीग संपतात आणि सरळ गल्लीच्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीची, सारख्या दारांची चौकोनी थडगी लागतात, चाळीसारखी ओळीने. जिवंत माणसांच्या गावाची आखणी कशी बदलत गेली, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरीकडे सहज मिळत नाही. तिथे गडबड करू नका.

'उठावशिल्पांचं थडगं' 1847 मध्ये सापडलं. मातुना घराण्याचं, इ.स.पू. 4थ्या शतकाच्या अखेरचं. पायऱ्या उतरून काचेतून पाहावं लागतं. खांबांवर आणि भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात घडवून रंगवलेली घरातली चीजवस्तू टांगलेली आहे: सुऱ्या, कुऱ्हाड, दोरीचं वेटोळं, सुरई, शिरस्त्राणं, ढाली. मधल्या कोनाड्यात लाल उशा आहेत, खाली पाटावर चपलांचा जोड, बाजूला पेटी आणि तिच्यावर घडी घातलेलं कापडी पुस्तक. खाटेच्या पायांमध्ये तीन डोक्यांचा कुत्रा. चेहरा काचेला जवळजवळ टेकवून, दोन्ही हातांनी बाजूचा उजेड अडवल्याशिवाय हे बारकावे दिसत नाहीत.

पाऊस पडून गेला असेल तर थडग्यांच्या तळाशी पाणी साचतं आणि शेवाळलेल्या पायऱ्या निसरड्या होतात. तळवा घट्ट धरणारे बूट घाला. लहानसा टॉर्च उघड्या थडग्यांत फार उपयोगी पडतो, विशेषतः छताची तुळई पाहताना. प्रकाश थेट समोरून न टाकता बाजूने तिरपा टाका, म्हणजे कोरीव रेघ उठून येते.

परत बस पकडण्याआधी गावातल्या किल्ल्यातलं म्युझियम चुकवू नका. ग्रीक चित्रकार युफ्रोनिओसने रंगवलेलं, ट्रॉयच्या युद्धातला वीर सार्पेदोन याच्या मृत्यूचं मोठं भांडं तिथे आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ते 1972 मध्ये विकत घेतलं होतं आणि 2008 मध्ये ते इटलीत परत आलं. भांडं अथेन्सचं असलं तरी जागा हीच योग्य, कारण अथेन्सच्या कुंभारांचे मोठे गिऱ्हाईक एट्रुस्कन होते आणि त्यांच्या थडग्यांमुळेच अशी भांडी टिकली.

तार्क्विनिया

रोमहून तार्क्विनियाला थेट रीजनल ट्रेन जाते. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारायचाच; विसरलात तर दंड. गाव टेकडीवर आहे, स्टेशन खाली, मध्ये तीनेक किलोमीटरचा चढ. बस असते. गावाच्या वेशीजवळ व्हितेलेस्की वाड्यातलं म्युझियम, आणि तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर मोंतेरोत्सीचं दफनस्थळ. सकाळी दफनस्थळ, दुपारी म्युझियम असं करा. टेकाडावर सावली फारशी नाही.

मोंतेरोत्सीत सुमारे 6000 थडगी आहेत आणि त्यांतली 200च्या आसपास चित्रांची. पाहायला त्यांतली काहीच उघडी असतात आणि तीही आलटून पालटून. श्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड, खडकातून झिरपणारे क्षार, वरून शिरणारी मुळं, या सगळ्यांनी रंग सुटतो, म्हणून आत कुणालाच सोडत नाहीत. छोट्या खोपटासारख्या आडोशातून खडी पायऱ्या उतरायच्या, खाली काचेचं दार, बटण दाबलं की ठरावीक वेळ दिवा. गुडघे दुखणाऱ्यांनी दहा-बारा थडगी निवडून घ्यावीत, सगळ्यांच्या मागे लागू नये. काचेवर वाफ धरते, तेव्हा सोबत कोरडा रुमाल असू द्या. फ्लॅश काचेवरून उलटतो. मोबाइल काचेला टेकवला तरच फोटो येतो.

इथेही आधी वर पाहा. 'बिबट्यांचं थडगं' इ.स.पू. 480च्या सुमाराचं. छताच्या मध्यावर आढं रंगवलेलं आहे, त्यावर वर्तुळं, दोन्ही पाख्यांवर चौकटी. आढ्याखालच्या त्रिकोणात समोरासमोर दोन बिबटे. खाली मेजवानी: लोडाला टेकलेले स्त्री-पुरुष एकत्र, एकाच्या हातात अंडं. स्त्रिया पुरुषांबरोबर पंगतीला बसतात याचं ग्रीकांना नवल वाटे. 'शिकार आणि मासेमारी'च्या मागच्या खोलीत समुद्र, पक्षी आणि कड्यावरून सूर मारणारा मुलगा आहे. 'शकुनवेत्त्यांच्या थडग्या'त मागच्या भिंतीवर बंद दार रंगवलेलं, त्याच्या दोन बाजूंना शोक करणारे दोघे. ही तीन उघडी असली तर बाकीची वगळली तरी चालेल.

म्युझियममध्ये दोन गोष्टींसाठी वेळ ठेवा: 1949 मध्ये भिंतीवरून उतरवून इथे पुन्हा उभं केलेलं 'त्रिक्लिनियमचं (मेजवानीच्या दालनाचं) थडगं', ज्यात काचेशिवाय जवळून रेघ पाहता येते, आणि आरा देल्ला रेजिना देवळाच्या दर्शनी भागावरचे भाजक्या मातीचे पंख असलेले घोडे.

व्हिला जुलिया

3 किंवा 19 नंबरची ट्राम दारापाशी सोडते. पोप ज्युलियस तिसरा याच्या या वाड्यात 1889 पासून म्युझियम आहे. किमान तीन तास द्या. 1916 मध्ये वेई या एट्रुस्कन शहराच्या जागी सापडलेली अपोलो देवाची भाजक्या मातीची मूर्ती पाहताना तो देवळाच्या आढ्यावर, जमिनीपासून बराच उंच, हेराक्लीस या वीराच्या मूर्तीसमोर उभा होता हे मनात धरा. तो खालून आणि बाजूने पाहायचा म्हणूनच घड्या खोल आणि पाऊल लांब. दोन पायांमधला नक्षीदार आधार शोभेचा नाही. एवढी पोकळ मूर्ती ओली असताना आणि भट्टीत पायावर तगावी म्हणून तो आहे. जोडप्याची शवपेटी चेर्वेतेरीची, 1881 मध्ये शेकडो तुकड्यांत सापडलेली. भट्टीत मावावी म्हणून ती मधोमध कापून भाजली होती. तो सांधा शोधा, स्पष्ट दिसतो.

पिर्जी या चेर्वेतेरीच्या जुन्या बंदराची सोन्याची तीन पानं, 1964 मध्ये मिळालेली, एट्रुस्कन आणि फिनिशियन लेखांची, इथेच आहेत. 'फिकोरोनीची' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काशाच्या पेटीवरचा लेख मात्र लॅटिन आहे: नोव्हिओस प्लाउतिओस याने ती रोममध्ये घडवली. इ.स.पू. 4थ्या शतकातल्या रोमचे कारागीर काय दर्जाचे होते हे त्या पेटीवरच्या कोरीव रेघांवरून कळतं. शेवटी बागेत जा. तिथे अलात्री गावातल्या एट्रुस्कन धाटणीच्या देवळाची 19व्या शतकात बांधलेली प्रतिकृती आहे. पुढे आलेली वळचण आणि रंगीत मातीच्या पट्ट्या यांचं माप इथे पहिल्यांदा डोळ्यांत भरतं.

रोम

कॅपिटोलाइन म्युझियममध्ये बरेच जण रोमचं प्रतीक असलेल्या काशाच्या लांडगीपाशी थांबतात. रेडिओकार्बन चाचण्यांनी ती मध्ययुगीन ठरवली आहे आणि त्यावर वाद चालू आहे, म्हणून एट्रुस्कन कला म्हणून तिच्यावर वेळ घालवू नये. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या पुतळ्याच्या दालनात मागे वळा: करड्या दगडांची जी प्रचंड भिंत दिसते ते ज्युपिटरच्या देवळाचं जोतं. परंपरेप्रमाणे देऊळ इ.स.पू. 509 मध्ये अर्पण झालं. जोतं साधारण 53 बाय 62 मीटर. वरचं देऊळ तेवढंच मोठं होतं की लहान, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आत ज्युपिटर, जुनो, मिनर्वा यांचे तीन गाभारे. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने तुस्कन, म्हणजे एट्रुस्कन धाटणीच्या, देवळाचं माप दिलं आहे: लांबी सहा भाग तर रुंदी पाच, मागचा अर्धा गाभाऱ्यांना, पुढचा अर्धा खांबांना, रुंदीचे दहा भाग करून तीन-चार-तीन अशी वाटणी. हे प्रमाण कागदावर आखून सोबत न्या.

तिथून उतरून नदीकाठच्या, बंदरांचा देव पोर्तूनस याच्या देवळाकडे चालत जा. उंच जोतं, पायऱ्या फक्त समोर, खोल ओसरी, हा सगळा एट्रुस्कन वारसा. खांब मात्र ग्रीक आयोनिक शैलीचे, माथ्याशी वेटोळी असलेले. ओसरीचे सुटे खांब ट्रॅव्हर्टाइन या टणक चुनखडी दगडाचे, मागचे भिंतीत रुतलेले अर्धखांब तुफाचे, कारण भार जिथे जास्त तिथेच महाग दगड वापरला. वर गिलावा असल्याने तेव्हा फरक दिसत नसे.

सर्व्हियन भिंतीचा, म्हणजे रोमच्या जुन्या तटाचा, सर्वांत लांब तुकडा टर्मिनी स्टेशनसमोरच्या चौकात आहे. नाव राजा सर्व्हियसचं असलं तरी हा बांध इ.स.पू. 4थ्या शतकातला. पिवळसर दगड ग्रोता ओस्कुराच्या खाणीचा, म्हणजे वेईच्या मुलखातला, आणि वेई रोमने इ.स.पू. 396 मध्ये जिंकलं. चिरे दोन रोमन फूट, साधारण 59 सेंटिमीटर उंच. एका थरात आडवे, पुढच्यात उभे. काहींवर खाणकामगारांच्या खुणा खोदलेल्या आहेत, त्या सकाळच्या तिरप्या उन्हात सापडतात. विमानतळाची ट्रेन टर्मिनीहूनच सुटते, तेव्हा ही भिंत निघायच्या दिवसासाठी राखून ठेवली तरी चालते. सामान हातात असेल तरी अर्धा तास पुरतो.